नेत्रसंसर्ग व डोळ्याची नैसर्गिक संरक्षणव्यवस्था

पापण्या, अश्रुमार्ग, नेत्रश्लेष्मकला (पापण्यांची आतील बाजू व डोळ्याचा पांढरा भाग आच्छादणारी पातळ, ओलसर कला), स्वच्छमंडल (बुबुळावरील पारदर्शक भाग) अथवा नेत्रगोलाचा अंतर्भाग यांमध्ये सूक्ष्मजंतू, व्हायरस, कवक किंवा इतर सूक्ष्मजीव शिरून वाढल्यामुळे होणाऱ्या रोगांना ‘नेत्रसंसर्ग’ म्हणतात. डोळे येणे, रांजणवाडी, खुपऱ्या व स्वच्छमंडलावरील व्रण हे त्यांतील नेहमी आढळणारे प्रकार होत. पहिले दोन बहुधा आपोआप बरे होतात. उरलेले दोन दृष्टी घालवू शकतात. लाल झालेला डोळा यांपैकी कोणत्या गटात मोडतो, हे वेळीच ओळखण्यावर रुग्णाची दृष्टी अवलंबून असते.

नैसर्गिक संरक्षण : त्वचा व अन्नमार्ग यांप्रमाणेच डोळ्याचा पृष्ठभागही बाहेरच्या जगाला सतत उघडा असतो. धूळ, धूर, पाण्याचे तुषार आणि स्वतःची बोटे यांच्यामार्फत त्यावर सूक्ष्मजीव अखंड येऊन पडतात. असे असूनही निरोगी डोळ्याला संसर्ग क्वचितच होतो, याचे श्रेय एकावर एक रचलेल्या अनेक तटबंद्यांना द्यावे लागते.

कवटीची खोबण, भुवया व पापण्यांचे केस ही पहिली तटबंदी. पापणीच्या केसाला कशाचाही स्पर्श होताच पापणी मिटते आणि त्याच क्षणी नेत्रगोल वर वळून स्वच्छमंडल वरच्या पापणीखाली दडते. जागेपणी मिनिटाला सुमारे १५ ते २० वेळा होणारी पापण्यांची उघडझाप हे केवळ संरक्षक प्रतिक्षेपाचे कार्य नाही. प्रत्येक उघडझापीबरोबर अश्रूंचा थर पृष्ठभागावर नव्याने पसरला जातो आणि मळ नाकाकडील कोपऱ्याकडे ढकलला जातो. तेथील दोन सूक्ष्म छिद्रांतून अश्रू अश्रुकोशात व पुढे नाकात उतरतात. डोळ्यात घातलेल्या औषधाची चव थोड्याच वेळात घशात जाणवते ती या मार्गामुळेच.

अश्रूंचा थर काही मायक्रोमीटर जाडीचा असला, तरी त्याची रचना गुंतागुंतीची आहे. पापण्यांच्या कडांतील ग्रंथींतून येणारा स्निग्ध पदार्थ सर्वांत बाहेर राहून बाष्पीभवन रोखतो. मधला जलीय भाग अश्रुपिंडांतून स्रवतो. आणि पृष्ठभागालगतचा श्लेष्मल भाग जंतूंना चिकटवून धरतो व पेशींपर्यंत पोहोचू देत नाही. एका डोळ्यावर एका वेळी सुमारे ७ मायक्रोलिटर अश्रू असतात, तर औषधाचा एक थेंब साधारणपणे ३० ते ५० मायक्रोलिटर भरतो. त्यामुळे एका वेळी दोन-तीन थेंब घालण्याने गालावरून ओघळ वाहण्यापलीकडे काही साधत नाही.

जलीय भागातील रासायनिक शस्त्रांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे लायसोझाइम हे एंझाइम. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये, म्हणजे पेनिसिलिनाच्या शोधाच्या काही वर्षे आधी, त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रथम नाकातील स्रावात आढळलेला हा जंतुनाशक पदार्थ अश्रूंमध्ये विपुल असल्याचे त्यांच्या लक्षात आले आणि प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाचा रस पिळून त्यांनी लागतील तेवढे अश्रू जमविले. लायसोझाइम काही सूक्ष्मजंतूंच्या कोशिकाभित्तीतील बंध तोडते व त्यामुळे जंतू फुटून मरतात. ज्या जंतूंच्या भित्तीवर आणखी एक बाह्य कवच असते, त्यांवर मात्र त्याचा प्रभाव एकट्याने पडत नाही. अश्रूंतील लॅक्टोफेरिन हे प्रथिन जंतूंच्या वाढीला लागणारे लोह बांधून ठेवते आणि ‘ए’ वर्गाचे प्रतिपिंड जंतूंना पेशींवर चिकटू देत नाहीत. झोपेत उघडझाप थांबते व अश्रूंचा प्रवाह मंदावतो. अशा वेळी या प्रतिपिंडांचे प्रमाण वाढते व श्वेतकोशिका पृष्ठभागावर उतरतात. सकाळी डोळ्यांच्या कोपऱ्यांत साचणारा थोडासा चिपड हा स्वाभाविक आहे, रोग नव्हे.

निरोगी नेत्रश्लेष्मकलेवर निरुपद्रवी जंतूंची थोडीफार वस्ती कायम असते. ते जागा व पोषण व्यापून राहत असल्याने उपद्रवी जंतूंना पाय रोवणे कठीण जाते. याखेरीज श्लेष्मकलेत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे व लसीकाभ पेशींचे समूह असतात. डोळा लाल होतो तो या वाहिन्या विस्फारून श्वेतकोशिका घटनास्थळी धाडल्या जातात म्हणून.

स्वच्छमंडलाची स्थिती वेगळी आहे. प्रकाशाला वाट देण्यासाठी ते पारदर्शक असावे लागते, म्हणून त्यात रक्तवाहिन्या नाहीत. परिणामी संरक्षक पेशी तेथे कडेकडून सावकाश पोहोचतात. ही उणीव दोन गोष्टींनी भरून निघते. एक म्हणजे तंत्रिकांची विपुलता. शरीरातील सर्वांत संवेदनशील पृष्ठभागांत स्वच्छमंडलाची गणना होते आणि डोळ्यात गेलेला धुळीचा कण असह्य वाटतो तो यामुळे. दुसरी म्हणजे त्याचा पाच ते सात थरांचा अभिस्तर (अस्तरासारखा पेशीसमूह). त्याच्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असून जुन्या पेशी झडून सुमारे आठवड्याभरात सबंध अभिस्तर नवा होतो. हा अभिस्तर अखंड असेपर्यंत बहुतेक जंतूंना आत शिरता येत नाही. परमा (गोनोरिया) व घटसर्प यांच्या जंतूंसारखे मोजकेच जंतू याला अपवाद आहेत. बाकीच्यांना ओरखडा हवा असतो.

तटबंदी ढासळण्याची इतर कारणेही आहेत. अश्रूंचे प्रमाण कमी होणे, चेहऱ्याच्या पक्षाघातामुळे पापणी न मिटणे, मधुमेह, स्टेरॉइड थेंबांचा दीर्घकाळ वापर आणि रात्रभर डोळ्यांत राहिलेली स्पर्शभिंगे ही त्यांपैकी प्रमुख होत. अ जीवनसत्त्वाच्या अभावी अभिस्तर कोरडा व खडबडीत होतो. रातांधळेपणापासून सुरू होणारा हा विकार कुपोषित बालकात, विशेषतः गोवराच्या आजारपणात, काही दिवसांतच स्वच्छमंडल विरघळण्यापर्यंत जातो. त्याच्या प्रतिबंधासाठी बालकांना अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात १९७० मध्ये सुरू झाला.

पापण्या व अश्रुमार्ग : केसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीत पुंजगोलाणूंमुळे होणाऱ्या पुटकुळीला रांजणवाडी म्हणतात. कोमट शेक बहुधा पुरतो. ती पिळू नये. अश्रुकोशाचा जुनाट संसर्ग अधिक लक्ष देण्याजोगा आहे. नाकाकडील वाट बुजल्यामुळे कोशात पू साचून राहतो, डोळा सतत पाझरतो आणि कोपऱ्यावर दाब दिल्यास पू बाहेर येतो. हे जंतूंचे कोठारच असल्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी अश्रुमार्ग मोकळा आहे की नाही, हे पाहण्याचा प्रघात आहे. नवजात बालकात या मार्गाच्या टोकाशी पातळ पडदा राहून गेल्यासही डोळा पाझरतो. पहिल्या वर्षभरात तो पडदा बहुधा आपणहून उघडतो.

डोळे येणे : नेत्रश्लेष्मकलेच्या शोथाला (दाहयुक्त सुजेला) हे नाव रूढ आहे. सुश्रुतसंहितेत याला ‘अभिष्यंद’ म्हटले असून, एकापासून दुसऱ्याला जडणाऱ्या रोगांत कुष्ठ, ज्वर व शोष यांच्याबरोबर नेत्राभिष्यंदाची गणना केलेली आहे. सूक्ष्मजंतुजन्य प्रकारात घट्ट पिवळसर स्राव येऊन सकाळी पापण्या चिकटतात. रॉबर्ट कॉख यांनी १८८३ मध्ये पटकीच्या संशोधनासाठी ईजिप्तमध्ये असताना अशा रुग्णांच्या स्रावात एक बारीक दंडाणू पाहिला. १८८६ मध्ये न्यूयॉर्क येथील जॉन वीक्स यांनीही त्याचे वर्णन केले, त्यावरून तो ‘कॉख–वीक्स दंडाणू’ या नावाने ओळखला जाऊ लागला. व्हायरसजन्य प्रकारात स्राव पाण्यासारखा असतो, कानापुढील लसीका ग्रंथी अनेकदा सुजते आणि एका डोळ्यामागून दुसरा येतो. साथी पसरतात त्या मुख्यतः या प्रकाराच्या.

महाराष्ट्राला अशा दोन साथी विशेष लक्षात राहण्यासारख्या आहेत. १९६९ मध्ये आफ्रिकेतील घाना देशात डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्तस्राव करणारी एक नवीच साथ उद्भवली. त्या वर्षी मानव चंद्रावर उतरला होता, म्हणून लोकांनी तिला ‘अपोलो’चे नाव दिले. १९७१ मध्ये ही साथ भारतात पोहोचली. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाचे ते वर्ष असल्याने बंगालमध्ये तिला ‘जय बांगला’ म्हणू लागले. मुंबईतही असंख्य लोकांचे डोळे आले. एक-दोन दिवसांत उद्भवून आठवड्याभरात ओसरणारा हा विकार निरुपद्रवी समजला जात होता. परंतु मुंबईतील तंत्रिकातंत्रतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, डोळे बरे झाल्यानंतर काही रुग्णांच्या पाठीत व पायांत तीव्र वेदना होऊन पोलिओसारखा लुळेपणा येत आहे. १९७२ मध्ये त्यांनी हे निरीक्षण लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध केले. साथीला कारण असलेला व्हायरस (एंटेरोव्हायरस ७०) पोलिओच्या व्हायरसाच्याच गणातील असल्याचे निष्पन्न झाल्यावर या लक्षणांचा उलगडा झाला. सामान्य वाटणाऱ्या रोगाकडे बारकाईने पाहण्याचे हे उदाहरण भारतीय वैद्यकात मोलाचे मानावे लागेल.

दुसरी साथ २०२३ च्या पावसाळ्यातील. जुलैमध्ये पुणे जिल्ह्यातील आळंदी येथे शाळकरी मुलांमध्ये तिचा प्रादुर्भाव दिसून आला आणि थोड्याच आठवड्यांत ती राज्यभर पसरली. नोंदलेल्या रुग्णांची संख्या लाखांत गेली व विदर्भातील बुलढाणा जिल्ह्यात ती सर्वाधिक होती. अशा साथींना पुष्कळदा ॲडिनोव्हायरस कारण होतात. या गटातील व्हायरस कोरड्या वस्तूवरही कित्येक दिवस तग धरतात; म्हणून टॉवेल, उशी, दाराची कडी, काजळाची डबी आणि बसमधील दांडा ही त्यांच्या प्रसाराची साधने ठरतात. आलेल्या डोळ्याकडे नुसते पाहिल्याने डोळे येतात ही समजूत निराधार आहे. काळ्या चष्म्याने रुग्णाला उजेडाचा त्रास कमी होतो एवढेच. शेजाऱ्याचे संरक्षण होते ते रुग्णाने हात धुण्याने. प्रतिजैव थेंबांचा व्हायरसावर परिणाम होत नाही. रोग एक ते तीन आठवड्यांत आपोआप शमतो.

जन्मतः मातेकडून लागणारा नेत्रश्लेष्मकलाशोथ हा स्वतंत्र व गंभीर प्रकार आहे. परम्याचा जंतू अखंड अभिस्तरही भेदत असल्याने एके काळी यूरोपातील अंधशाळांमधील पुष्कळ मुले याच रोगाने अंध झालेली असत. लाइपसिक येथील प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी १८८० पासून प्रत्येक नवजात बालकाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटाच्या २% विद्रावाचा थेंब घालण्यास सुरुवात केली आणि त्यांच्या रुग्णालयातून हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात डोळ्यातून पू येणे ही आजही तातडीने उपचार करण्याची अवस्था समजली जाते.

खुपऱ्या : क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस या जंतूमुळे होणारा हा जुनाट रोग बालपणी वारंवार जडतो. वरच्या पापणीच्या आतील बाजूस वण पडत जाऊन प्रौढपणी पापणी आत वळते आणि केस प्रत्येक उघडझापीला स्वच्छमंडलावर घासू लागतात. संरक्षणासाठी असलेली पापणीच अशा रीतीने शस्त्र बनते. पाण्याचे दुर्भिक्ष, दाटीची वस्ती व माश्या यांच्याशी या रोगाचा निकट संबंध असल्याने भारतात त्याचा जोर पंजाब, राजस्थान यांसारख्या उत्तर व पश्चिमेकडील कोरड्या प्रदेशांत अधिक होता. १९६३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात विलीन करण्यात आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून या रोगाचे ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या’ म्हणून उच्चाटन झाल्याचे प्रमाणित केले. याचा अर्थ जंतू समूळ नष्ट झाला असा नव्हे. वळलेल्या पापण्यांचे जुने रुग्ण शोधून त्यांच्यावर शस्त्रक्रिया करण्याचे काम चालू ठेवावे लागते.

स्वच्छमंडलव्रण : नेत्रसंसर्गांपैकी ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत घातक हा होय. उदाहरणादाखल यवतमाळ जिल्ह्याचा कापसाचा प्रदेश घेता येईल. दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावांच्या शिवारात डोळ्याला इजा होण्याचे प्रसंग शेतीच्या वेळापत्रकाबरोबर येतात. पावसाळ्यात निंदणाच्या वेळी वाकलेल्या माणसाच्या डोळ्यात गवताचे पाते जाते. सोयाबीन सवंगून मळणीयंत्रात घालताना कुटार उडते. वेचणीच्या काळात कापसाच्या बोंडाची वाळलेली टोकदार नखी, तूर कापताना तिच्या फांद्या आणि उन्हाळ्याच्या तोंडी पऱ्हाट्या उपटताना त्यांची काटकी डोळ्याला लागते. इजा किरकोळ असते व काम थांबविले जात नाही. पण वनस्पतीच्या या कणांबरोबर मातीतील फ्युसेरियम व ॲस्परजिलस यांसारख्या कवकांची बीजुके फाटलेल्या अभिस्तरात पेरली जातात.

कवकजन्य व्रण सावकाश वाढतो. पहिले काही दिवस वेदना बेताची असते व त्यामुळे रुग्ण घरगुती उपायांवर विसंबतो. पुढे बुबुळावर पिसासारख्या कडांचा पांढुरका डाग दिसू लागतो. सूक्ष्मजंतुजन्य व्रण याउलट झपाट्याने पसरतो. स्पर्शभिंगे वापरणाऱ्यांत आढळणारा स्यूडोमोनस जंतू तर दोन-तीन दिवसांत स्वच्छमंडलाला भोक पाडू शकतो. हर्पीज व्हायरसाने होणारा व्रण झाडाच्या फांद्यांसारखा दिसतो आणि वरचेवर उलटतो. स्पर्शभिंगे साध्या पाण्याने धुण्यामुळे अमीबाचा, तर पावसाळ्यात चिखलाच्या पाण्याशी संपर्क आल्यामुळे मायक्रोस्पोरिडियांचा संसर्ग होतो. हे दोन्ही प्रकार कमी आढळत असले, तरी निदानाच्या वेळी विसरून चालत नाही.

या सर्वांचा उपचार वेगवेगळा असल्याने व्रणाचा किंचित खरवडलेला अंश सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे निदानाचे मुख्य साधन आहे. ही तपासणी साधी आहे, पण नेत्रतज्ज्ञाच्या हातूनच करावयाची आहे. बोरी अरबच्या रुग्णाला त्यासाठी दारव्हा किंवा यवतमाळ येथील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे लागते व एका दिवसाची मजुरी बुडते. औषधाच्या दुकानातून डोळा लाल झाला म्हणून घेतलेले स्टेरॉइडयुक्त थेंब ही या वाटेवरची सर्वांत मोठी खोड आहे. त्यांनी लाली व वेदना एका दिवसात कमी होतात, कारण शरीराचा प्रतिकारच दडपला जातो. कवक व हर्पीज व्हायरस दरम्यान मोकाट वाढतात. आईचे दूध, मध किंवा पाल्याचा रस घालण्याचे उपायही त्याज्य होत. व्रणावर ते जंतूंचे खाद्य ठरतात.

याच भागात लाल डोळ्याचे आणखी एक कारण ध्यानात ठेवावे लागते. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि सुमारे वीस जण दगावले. डोळ्यांची आग व अंधुक दिसणे या तक्रारी त्यांच्यात वारंवार आढळल्या. असा डोळा संसर्गाने लाल झालेला नसतो. त्याला प्रथम हवे असते भरपूर स्वच्छ पाणी, निदान पंधरा मिनिटे; त्यानंतर वैद्य. रसायनाने अभिस्तर जळाला असल्यास मागाहून संसर्गाला वाट मिळते, हा भाग निराळा.

ओरखडा व व्रण यांच्यामधील अवधी हाच प्रतिबंधाला उपयोगी पडणारा काळ होय. नेपाळमधील भक्तपूर जिल्ह्यात गावोगावच्या प्रशिक्षित स्वयंसेवकांनी ओरखडा आलेल्या डोळ्यांत क्लोरँफिनिकॉलाचे १% मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस घातले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत इजेनंतर १८ तासांच्या आत उपचार सुरू झालेल्या एकाही व्यक्तीला व्रण झाला नाही. मळणी किंवा पऱ्हाट्या उपटण्याच्या वेळी साधा चष्मा वापरणे याहून स्वस्त पडते, पण घामाने काचा धूसर होतात म्हणून शेतमजूर तो काढून ठेवतात.

व्रण बरा झाला, तरी त्याजागी अपारदर्शक वण राहतो. त्यालाच ‘फूल पडणे’ म्हणतात. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतील व्यक्तींमधील अंधत्वाचे प्रमुख कारण स्वच्छमंडलाची अपारदर्शकता हेच आढळले. मोतीबिंदू हा वृद्धाचा रोग. फूल पडते ते कमावत्या माणसाच्या डोळ्यात. त्यावर नेत्रदानातून मिळालेल्या स्वच्छमंडलाचे रोपण हा एकच उपाय उरतो. असे पहिले यशस्वी रोपण एडुआर्ट त्सिर्म यांनी १९०५ मध्ये सध्याच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथे केले. स्वच्छमंडलात रक्तवाहिन्या नसल्याने परक्या ऊतकाची शरीराला सहसा चाहूल लागत नाही व इतर अवयवांच्या मानाने हे रोपण चांगले टिकते. परंतु दीर्घकाळ चाललेल्या संसर्गाशी झुंजताना कडेकडून नव्या रक्तवाहिन्या स्वच्छमंडलात शिरलेल्या असतात. त्यांनी व्रण भरून आणलेला असतो, पण त्यांच्याच वाटेने प्रतिरक्षा पेशी रोपित ऊतकापर्यंत पोहोचतात. म्हणून जन्मजात अथवा आनुवंशिक दोषासाठी केलेल्या रोपणापेक्षा संसर्गजन्य फुलावर केलेले रोपण नाकारले जाण्याचा संभव अधिक असतो आणि अशा रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने, काही वेळा वर्षानुवर्षे, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली राहावे लागते.